क्लासचा चार्ज

जुलैचा शेवटचा आठवडा. भोरच्या पश्चिमेला लावणी ऐन भरात, आणि आंबवड्यात क्लास चालवणारा माझा मित्र डेंग्यूने दवाखान्यात. सलाईन लावलेल्या हातानेच त्याने फोन केला. ‘चार दिवस क्लासकडे बघशील का? दोनच बॅच आहेत.’ मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, दहावीपर्यंतचं गणित अजून हाताला आहे, भोरहून एसटीने जाऊन यायचं. म्हटलं, बघतो की. त्यात काय?

पहिल्या दिवशी चार वाजता मी खोलीच्या दारात आणि दाराला कुलूप. चावी शेजारच्या काकूंकडे असते, आणि काकू लावणीला गेलेल्या. पंधरा-सोळा पोरं छत्र्या मिटून पडवीत उभी. मी फोन काढतोय तोवर नववीतला एक मुलगा शांतपणे म्हणाला, ‘सर, मागच्या खिडकीतून हात घातला की दाराची कडी निघती.’ त्याने हात घातला, मागचं दार उघडलं, आणि क्लास सुरू झाला.

पुढचे दिवसही असेच गेले. दहावीच्या मुलांना विचारलं, पायथागोरसचं प्रमेय झालंय का? निम्मी म्हणाली झालंय, निम्मी म्हणाली नाही. नंतर कळलं की दोन्ही खरं होतं, कारण बॅच दोन होत्या आणि पावसामुळे मुलं इकडची तिकडे बसत होती. एक बाई हजार रुपये घेऊन आल्या. ‘दोन महिन्यांची फी, सर. पावती नको, सर वहीत मांडतात.’ वह्या तीन निघाल्या. खताच्या कंपनीची डायरी, एक लांबडी वही आणि तिसरी सरांच्या मोबाइलमध्ये. मी चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली. तिसऱ्या दिवशी पावसाने जोर धरला, ओढ्याला पाणी चढलं. क्लास सोडायचा की ठेवायचा, हे ठरवणारा माणूस तापाने फणफणलेला. मी सुट्टी दिली आणि व्हॉट्सॲपवर टाकलं, पण त्या ग्रुपमध्ये निम्मेच पालक होते. वाडीवरची एक मुलगी चिंब भिजून आली आणि बंद दार बघून परत गेली. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मित्र वाईट शिक्षक नाही. उलट, त्याच्यासारखा शिकवणारा या पट्ट्यात विरळा. पण त्याचा क्लास खोलीत भरतच नव्हता, त्याच्या डोक्यात भरत होता. डोकं दवाखान्यात गेलं की क्लासही दवाखान्यात.

बँकेत बदली झाली की आम्ही चार्ज द्यायचो. म्हणजे तिजोरीत किती, स्टॅम्प किती, कुठल्या कपाटाची चावी कोणाकडे, कोणतं काम अर्धवट, सगळं कागदावर. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. कंटाळवाणं काम, सगळे कुरकुरायचे. पण नवा माणूस दुपारी दोनला खुर्चीत बसला तरी तीन वाजता काउंटर चालू असायचं. लहान क्लासच्या कार्यपद्धतीबद्दल जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे: क्लास असा हवा की त्याचा चार्ज देता आला पाहिजे.

‘एसओपी’ हा शब्द कोविडच्या काळात घराघरांत पोचला. रोज नवं परिपत्रक यायचं आणि दुकान किती वाजता बंद करायचं हे सांगायचं. त्यामुळे एसओपी म्हणजे सरकारी भाषेतले वीस पानी नियम, असा आपला समज झाला. खरं तर शिरस्ता, दंडक, वहिवाट हे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, आणि कानुजाबता हा तर शिवकाळातला. नेहमीचं काम नेहमीसारखं कसं करायचं ते लिहून ठेवणं, एवढाच एसओपीचा अर्थ.

लिहिलेल्या कागदाचा विषय आणि क्लास आंबवड्याचा, म्हटल्यावर मला इथल्या एका सचिवांची आठवण होणं साहजिक आहे. झुलत्या पुलावरून नागेश्वराच्या मंदिराकडे गेलं की तिथे शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. भोर संस्थानाचे हे मूळ पुरुष, १७०७ साली इथेच गेले. पुढे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत त्यांच्या वंशजांना पंतसचिव हीच पदवी राहिली. सचिव म्हणजे आजच्यासारखा खात्याचा वरिष्ठ अधिकारी नव्हे. अष्टप्रधानांमध्ये सचिवाचं काम राजपत्रं तपासणं, त्यातलं कमीजास्त दुरुस्त करणं आणि महालांचे हिशेब बघणं हे होतं. लढाईवर गेले तरी दप्तराची जबाबदारी सुटत नसे. कागद तपासणं हे इतकं मोठं काम मानलं होतं की त्यासाठी आठातला एक प्रधान नेमला.

आणि उत्तम एसओपी कशी लिहावी याचा नमुना हवा असेल तर तोही त्याच काळातला आहे. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. त्यातला रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नका हा भाग भाषणांत येतो. मला मात्र त्यातला गवताचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. घोड्यांसाठी दाणा आणि वैरण साठवलेली आहे, ती आत्ताच मनाला येईल तशी उधळली तर भर पावसाळ्यात मिळणार नाही, मग घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. कोणी आगटी पेटवेल, कोणी भलत्या जागी चूल मांडेल, कोणी वारा न बघता चिलीम ओढेल. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल. एका राजाने उंदराचा विचार केला आहे. नुसतं ‘दक्षता घ्यावी’ असं लिहून तो मोकळा झालेला नाही; काय केलं तर काय होईल, हे टप्प्याटप्प्याने सांगितलं आहे. वाचणाऱ्याला कारण कळलं की नियम त्याचा स्वतःचा होतो.

म्हणून मित्र बरा होऊन घरी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, नियम लिहायला बसू नकोस. गेल्या दोन वर्षांत क्लासमध्ये काय काय फसलं ते सांग. तो पाऊण तास बोलला. त्याच्याकडे लहान मुलांना शिकवणारी, कॉलेजात जाणारी एक ताई आहे, ती लिहीत गेली. दोनदा घेतलेली फी, हरवलेल्या उत्तरपत्रिका, एसटी चुकलेल्या मुली, परीक्षेच्या आदल्या दिवशी संपलेली फोटोकॉपीची शाई, एका पालकाला चिडून दिलेलं उत्तर. चौदा गोष्टी निघाल्या. त्यातल्या पाच वारंवार घडणाऱ्या होत्या. त्या पाचांच्याच पद्धती लिहायच्या ठरल्या. बाकीच्या नऊ एकेकदाच घडल्या होत्या. त्यांच्यावर कागद खर्च करायचा नाही.

लहान व्यवसायात लोक नेमके इथे चुकतात. इंटरनेटवरून कुठल्यातरी मोठ्या संस्थेची नियमावली उतरवतात, तिच्यात ‘मानव संसाधन’ असतं, ‘उद्दिष्ट’ असतं, आणि ती फाईल ज्या दिवशी छापली त्याच दिवशी कपाटात जाते. बत्तीस मुलांच्या क्लासला मानव संसाधन म्हणजे सर, ताई आणि चावी सांभाळणाऱ्या काकू.

फीचं उदाहरण जवळून बघू. मित्राने पहिल्यांदा सांगितलं ते असं: ‘फी वेळेवर घ्यावी व नोंद ठेवावी.’ हे वाक्य खोटं नाही, पण निरुपयोगी आहे. वेळेवर म्हणजे कधी? नोंद कुठे? कोणी? रोख आणि फोनवरून आलेली, दोन्हीची एकच वही का? आम्ही प्रश्न विचारत गेलो आणि शेवटी ताईच्या अक्षरात हे उतरलं: ‘फी महिन्याच्या एक ते दहा तारखेत. पैसे हातात आले की आधी पावतीपुस्तक, मग वही, मग पैसे डब्यात. पावतीशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, आई नको म्हणाली तरी. फोनवर आलेल्या फीची पावती त्याच दिवशी, पावतीवर ‘फोन’ असं लिहून. शनिवारी सर पावत्या आणि डबा जुळवतील. जुळलं नाही तर कोणाला बोलायचं नाही, आधी पुन्हा मोजायचं. शेतीचे पैसे आल्यावर फी देऊ म्हणणाऱ्यांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर. ते पान मुलांसमोर उघडायचं नाही.’

शेवटचं वाक्य ताईने स्वतःहून घातलं. तिचा धाकटा भाऊ त्याच क्लासमध्ये होता आणि एकदा फीसाठी त्याचं नाव सगळ्यांसमोर वाचलं गेलं होतं. सर हे विसरले होते. ती विसरली नव्हती. काम करणारा माणूस लिहायला बसला की अशा गोष्टी कागदावर येतात. मालकाने एकट्याने लिहिलेल्या पद्धतीत त्या येत नाहीत.

पैसे घेणारी ताई आणि जुळवणारे सर, ही वाटणी माझी. बँकेत आम्ही याला मेकर-चेकर म्हणतो. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. गडांवरही हेच होतं: हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि गड कोणा एकाच्या हातात नाही. यात अविश्वास नसतो. चुकून शंभर रुपये कमी पडले तर ताईवर आळ येऊ नये, ही त्यातली खरी सोय.

आता कागद किती मोठा असावा? इथे एका मराठी घरातल्या शल्यचिकित्सकाचं काम कामी येतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातलं उटी हे गाव. तिथले आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत ओहायोला स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे बॉस्टनमध्ये शल्यचिकित्सक. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेची तपासणी-यादी तयार केली, ती २००८ मध्ये जाहीर झाली. फक्त १९ बाबी, तीन टप्प्यांत: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण खोलीतून बाहेर नेण्याआधी. बाबीही साध्या. रुग्ण तोच आहे ना, बाजू कुठली, ॲलर्जी आहे का, शेवटी कापसाचे बोळे आणि सुया मोजल्या का. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निकाल छापून आले: मोठ्या शस्त्रक्रियांनंतरची गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आली, मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर. कोणाला नवीन काही शिकवलं नव्हतं. जे सगळ्यांना येतच होतं ते दर वेळी होईल एवढंच बघितलं.

गावंड्यांनी स्वतःच सांगितलंय की त्यांची पहिली यादी फसली होती, कारण ती लांब आणि संदिग्ध होती. विमानांच्या चेकलिस्ट करणाऱ्यांकडून ते दोन गोष्टी शिकले. एक, एका टप्प्यावरची यादी पाच ते नऊ बाबींची असावी. दुसरी, यादी दोन प्रकारची असते. एक वाचत वाचत करायची, पाककृतीसारखी. दुसरी, सवयीने काम करून मग थांबून तपासायची. नव्या मुलाचा प्रवेश वर्षातून वीस-पंचवीसदाच होतो, तो वाचत करावा: नाव, शाळा, वाडी, पालकांचे दोन नंबर, घरी कसा जातो, फी सांगितली का, ग्रुपमध्ये घातलं का. क्लास बंद करणं मात्र रोजचं. ते करून झालं की दाराशी थांबून पंख्याचं बटण, फीचा डबा, फळ्याच्या कोपऱ्यात आजचा धडा आणि कुठवर झाला, लांबच्या मुली निघाल्या का, आणि चावी. पाच बाबी. दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलेल्या.

‘फळ्याच्या कोपऱ्यात कुठवर झालं’ ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बाब निघाली. ‘भाग २, प्रकरण २, सरावसंच २.१, प्रश्न ४ पर्यंत, सकाळची बॅच.’ ताई तेवढं मोबाइलवर फोटो काढून ठेवते. पायथागोरस झाला की नाही यावर आता मतदान घ्यावं लागत नाही.

पावसाची पद्धत लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ओढ्याला पाणी किती चढलं की सुट्टी? ‘जास्त पाऊस असल्यास’ हे शब्द बसले की भांडणं ठरलेली. ओढ्याच्या पलीकडची मुलं ज्या वाटेने येतात तिथला एक दगड काकूंना माहीत होता. तो बुडला की माणसं पलीकडे जात नाहीत. मग तसंच लिहिलं: ‘तीन वाजता काकू बघतील. दगड दिसला नाही तर सुट्टी. सरांना विचारायचं नाही, फक्त कळवायचं. ताई ग्रुपवर टाकेल, आणि ग्रुपमध्ये नसलेल्या सहा घरांना फोन करेल. नंबर मागच्या पानावर.’ निर्णय कोणाचा, हे ठरलं की निम्मं काम झालं. लावणीच्या दिवसांत मोठी मुलं येत नाहीत म्हणून दर वर्षी चिडचिड व्हायची. तेव्हा नवा धडा घ्यायचा नाही, उजळणी घ्यायची, हेही त्याच पानावर आलं.

कायद्याकडे झटकन बघून घेऊ. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती राज्यांनी अमलात आणायची आहेत, आणि त्यात ‘कोचिंग सेंटर’ म्हणजे ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांचं. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच घ्यावं; शाळेच्या वेळेत क्लास नको; दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये; आठवड्याला सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको; पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. बत्तीस मुलांचा क्लास या व्याख्येत बसत नाही. तरी त्यातली एक बाब आम्ही फूटपट्टी घेऊन तपासली: दर मुलामागे किमान एक चौरस मीटर जागा. मित्राची खोली बारा बाय पंधरा फुटांची, म्हणजे साधारण पावणेसतरा चौरस मीटर. एका वेळी सोळा मुलं. बत्तीस भागिले दोन, सोळा. मित्र खूष झाला. मी आठवण करून दिली की परीक्षेच्या आधीच्या रविवारी तो दोन्ही बॅच एकत्र बसवतो. तो गप्प झाला. आता त्या रविवारी एक बॅच पडवीत बसते.

निकालाच्या फ्लेक्सबद्दलही एक ओळ पानावर आली. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले: यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यायची, प्रवेशाच्या वेळीच सही करून घेऊन चालत नाही. गावात फ्लेक्स लागला नाही तर मुलाच्या आजोबांनाच वाईट वाटतं, हे खरं. पण पंचावन्न टक्के पडलेल्या मुलीला स्वतःचा फोटो चौकात नकोसा असतो, हेही खरं. विचारायला काय जातं?

लिहायचं काय, हे जितकं महत्त्वाचं तितकंच काय लिहायचं नाही, हेही. मित्र उत्साहाच्या भरात ‘धडा कसा शिकवावा’ याचीही पद्धत लिहायला निघाला होता. मी हात धरला. अपूर्णांक न कळणाऱ्या मुलाला तो भाकरीचे तुकडे करून दाखवतो, दुसऱ्याला एसटीचं तिकीट अर्धं-पूर्ण करून. हे कागदावर बसत नाही आणि बसवू नये. चावी, फी, पाऊस, प्रवेश, कुलूप यांचा विचार कागदाने करायचा, म्हणजे डोकं त्या मुलासाठी मोकळं राहतं.

दिवाळीनंतर परीक्षा झाली, म्हणजे कागदाची. मित्र दोन दिवस सासुरवाडीकडच्या लग्नाला सोलापूरला गेला. अट अशी की क्लासच्या वेळेत त्याने फोन उचलायचा नाही. मीही जायचं नाही. ताई आणि पान. पहिल्या दिवशी वीज गेली आणि इन्व्हर्टरचं बटण कुठे आहे हे पानावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, तीन भावंडांना फीत सवलत मिळेल का विचारायला. पान गप्प. ताईने त्यांना बसवलं, पाणी दिलं, वहीत नाव आणि नंबर लिहून घेतला आणि सांगितलं, ‘सर सोमवारी फोन करतील, काका.’ पैसे जुळले. मुली वेळेवर निघाल्या. परत आल्यावर मित्राने पानावर दोन ओळी वाढवल्या आणि खाली तारीख टाकली. आता दर सहामाहीला तारीख बदलते; जुनं पान फाडत नाहीत, मागे चिकटवून ठेवतात.

परवा मी सहज गेलो होतो. दारामागचं पान पावसाळी ओलीने जरा पिवळं पडलंय. खाली कोणीतरी वेगळ्याच पेनाने, पोरसवदा अक्षरात लिहिलंय: ‘मागच्या खिडकीची कडी दुरुस्त केली आहे. हात घालू नये.’